बाबांनी मारलेला पाइक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही, आणि ती तर रोज बाबांच्या ताटात वाढते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही माझ्या बाबांना पाहिलेलं नाही. ज्यांनी पाहिलंय त्यांच्यापुढे हे बोलायचं — नाही, ते मला जमणार नाही.

आधी घरचं सांगते. आम्ही ढीवर. भंडारा जिल्ह्यात जंगलाच्या कडेला आमचं गाव, गावाला एक जुनं मोठं तळं. तळ्यातली मासेमारी सोसायटीकडे, आणि बाबा सोसायटीतले एक सभासद. डिसेंबर-जानेवारीत पहाटे छातीभर पाण्यात उभं राहून जाळं ओढायचं, अंगात नुसतं बनियन. घरी यायचे तेव्हा ओठ जांभळे, आणि दात वाजत असलेले चुलीपाशी ऐकू यायचे. मोठा मासा बाजारात जायचा. आम्ही खायचो ते बोटाएवढे, काट्यांसकट. पावसाळ्यात मासे अंडी घालतात, तेव्हा दोन महिने जाळं बंद. ते दोन महिने भाताची पेज आणि मीठ. आई टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव फिरायची, आणि सुट्टीत तिच्या मागे मी.

शाळेत माझ्या बाकावर कोणी बसत नसे. वास यायचा म्हणायचे. यायचाच — खोटं कशाला बोलू? मी लिंबाच्या सालीने हात घासून शाळेत जायचे. तरी यायचा.

मग मी शिकले. नागपूरला इंजिनिअरिंग, पुण्यात नोकरी, आणि तिथून इथे, आयर्लंडला, स्लायगोजवळच्या एका कारखान्यात. आम्ही हृदयात घालायच्या बारीक नळ्या बनवतो, आणि त्या नळ्या चांगल्या की वाईट ते ठरवायचं काम माझं. गावातली पहिली इंजिनिअर मी. पहिली मुलगी नव्हे, पहिलं माणूस. हे सांगायला मी कधी लाजले नाही, आजही लाजत नाही.

लाजले ते दुसऱ्याच गोष्टीला. पुण्यात पहिल्याच आठवड्यात डबा खाताना कुणीतरी विचारलं, "तुझे बाबा काय करतात गं?" मी म्हटलं, मत्स्य खात्यात आहेत. तोंडातून गेलं. नंतर "खात्यात आहेत"चं "अधिकारी आहेत" झालं. आयर्लंडला येईपर्यंत ते रिटायरही झाले होते. कागदावर कुठे लिहायचं नव्हतं, कुणाचं नुकसान नव्हतं. एवढंसं खोटं कोण बोलत नाही? पण मी सांगतेय ते खोटं हे नव्हे. हे फक्त त्याच्या आधीचं.

इथे आल्यावर काय दिसलं, तर मासे धरणं हा सुखवस्तू लोकांचा छंद. आमच्या क्वालिटीचा मुख्य साहेब डेक्लन — पन्नाशीचा, मोठ्या हाडाचा, मनाने सरळ माणूस — त्याच्या गाडीला कायम माशांचा वास. लिंबाची साल तर सोडाच, त्याला त्या वासाचा अभिमान होता. एकदा कॅन्टीनमध्ये तो पाइकचा फोटो दाखवत होता. पाइक म्हणजे लांबलचक हिरवट मासा, बदकासारखं चपटं तोंड, आत दातच दात. आपल्या मरळेचा रागीट चुलतभाऊ समजा. मी म्हटलं, मी तळ्याकाठीच वाढले, वडील मत्स्य अधिकारी होते. त्याचे डोळे चमकले. त्या हिवाळ्यापासून मी त्याच्या नावेत बसायला लागले. खोटं कशाला, माशांसाठी नाही बसले. नावेत साहेबाशी चार तास बोलायला मिळतात. ऑफिसात चार मिनिटं मिळत नाहीत.

तीन हिवाळे गेले. आई जाऊन वर्ष झालं होतं, म्हणून मी बाबांना तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. डेक्लनला कळल्यावर त्याने हट्टच धरला. "साहेबांना घेऊन ये. एवढी तळी सांभाळलेला माणूस मला कधी भेटणार?"

आता नीट ऐका, कारण पुढचं सगळं दोन गोष्टींवर आहे.

एक, हंगाम. नोव्हेंबर अर्धा संपला होता. पाण्यात हात घातला की मनगटापर्यंत बधिर. उन्हाळ्यात पाइक वरवर फिरतो, चमकणारं काही दिसलं की झेप घेतो. थंडीत तो खोल जागी जाऊन पडतो, फारसा हलत नाही. तेव्हा जिग लागतं — शिशाच्या गोळीत बसवलेला मोठा गळ, त्यावर चढवलेली रबराची मासोळी. ती तळाला सोडायची, टेकली की वीतभर उचलायची, पुन्हा टेकू द्यायची. तासन् तास. मला त्या तीन हिवाळ्यांत सांगण्यासारखा एक मासा मिळाला नव्हता.

दुसरी गोष्ट, नियम. इथे हातभराहून मोठा पाइक मारायचा नाही, कायदाच आहे. मोजायचा, फोटो काढायचा, पाण्यात सोडायचा. डेक्लनसारख्यांच्या लेखी तो कायद्याच्याही वरचा आहे, धर्मासारखा.

हे मी बाबांना सांगितलं नाही. गाडीत अर्धा तास होता. मी एवढंच म्हटलं, "तिथे जास्त बोलू नका."

"मी कुठं बोलतो? मले इंग्रजी येते का?" ते म्हणाले आणि स्वतःशीच हसले. माझ्याशी ते आमच्या बोलीत बोलायचे. मी त्यांना पुण्याच्या भाषेत उत्तर द्यायचे. हेही मुद्दाम — तुम्हाला कळलंच असेल.

नावेत डेक्लनने त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला, "सर" म्हणाला, आणि मला म्हणाला, विचार ना, यांच्या हाताखाली किती तळी होती? मी बाबांना म्हटलं, "थंडी वाजते का विचारतोय." बाबा म्हणाले, "नाही नाही. आमच्याकडंबी पडते थंडी. मी तं पान्यातच राह्यतो." मी डेक्लनला सांगितलं, "चाळीस म्हणतात." त्याने शीळ घातली. बाबांना वाटलं, आपलं थंडीतलं कौतुक झालं. त्यांनी मान लववली.

मला तेव्हा हसू येत होतं. ते सुद्धा सांगून टाकते.

दोन तास काही नाही. बाबा काठाकडे बघत होते, लव्हाळ्याकडे, एक ओढा तळ्यात शिरत होता तिकडे. मग हळूच म्हणाले, "सुनी, इथं काई नाही. नाला येते ना, त्याच्या पुढं खाली खोल असन. तिथं जा मनाव त्याले. थंडीत मासा मांगं नाही धावत, त्याच्या तोंडापुढं ठेवा लागते." मी डेक्लनला म्हटलं — मला वाटतं, ओढ्याच्या तोंडापुढे खोल असेल, तिथे जाऊया. मला वाटतं, म्हटलं. त्याने यंत्रावर खोली पाहिली, माझ्याकडे पाहिलं. "रक्तातच आहे तुझ्या," म्हणाला.

तिथे गेल्यावर चहा ओतायला त्याने आपली गळाची काठी बाबांच्या हातात दिली. बाबांनी काठी मांडीवर आडवी ठेवली आणि दोर अंगठा आणि तर्जनीत धरला. डोळे मिटले. डेक्लन बघत राहिला. मग त्याने कप खाली ठेवला, बाबांचा मोकळा तळवा उलटा करून पाहिला. जाळ्याच्या दोरीने पडलेली खाच आहे तिथे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तो हसत म्हणाला, "हे ऑफिसातल्या माणसाचे हात नाहीत गं, सुनिता."

चेष्टेत म्हणाला. आणि नेमका तेव्हाच बाबांनी मनगट उचललं.

दहा मिनिटं लागली. डेक्लन सूचना देत होता, त्या कुणाला कळत नव्हत्या आणि कुणाला लागतही नव्हत्या. बाबांनी मासा दमवला, कडेला आणला, हात पाण्यात घालून कल्ल्याखाली बोटं रोवली आणि उचलून आत घेतला. माझ्या कमरेच्या वर आला असता, एवढा लांब. डेक्लनच्या डोळ्यांत पाणी. वीस वर्षं मी याच्या मागे आहे, म्हणाला, आणि नावेच्या टोकाशी वळला — कॅमेरा काढायला, मासा ठेवायची ओली चटई काढायला.

बाबांच्या पायाशी त्याची पेटी उघडी होती. तीत पितळी टोपणाचं एक लहान दांडकं होतं. उन्हाळ्यात डेक्लन त्याने ट्राउट जातीचे मासे मारतो, ते खायचे असतात. बाबांना ते दांडकं काय आहे हे सांगावं लागलं नाही. तसंच लाकडी आमच्याही डोंगीत असतं. आमच्याकडे मासा तडफडत ठेवत नाहीत. वर घेतला की डोक्यात दोन घाव, संपलं. बाबांच्या लेखी ती दया आहे.

त्यांचा हात दांडक्याकडे गेला, तो मी पाहिला. हात वर गेला, तोही पाहिला. मध्ये तीन श्वासांएवढा वेळ होता. "नको" म्हणायला किती वेळ लागतो?

मी म्हटलं नाही.

घाबरले होते म्हणून? थोडी. पण खरं सांगू — मला ते चुकायला हवे होते. तीन हिवाळे मी गारठत बसले, आणि या माणसाने डोळे मिटून, पहिल्याच दिवशी — आणि डेक्लन त्यांचे हात धरून बघतोय, माझ्याकडे बघत नाहीये. म्हटलं, बघ आता. बघ हे कोण आहेत ते. मला मजा वाटली. तीन श्वासांत एवढं सगळं मनात आलं, आणि मी दातांवर दात ठेवून बसले.

दोन घाव. स्वच्छ.

डेक्लन वळला. चटई हातातच राहिली. बाबांनी दोन्ही हातांवर मासा धरून त्याच्यापुढे केला. "साहेबाले दे. घरी ने मनाव. बायको खुश होईन."

डेक्लनचा चेहरा मी विसरणार नाही. त्याने मला विचारलं, अगदी हळू आवाजात, "तू यांना सांगितलं नव्हतंस?"

आणि मग मी ते बोलले. आधीचं न बोलणं एक वेळ भीतीच्या खात्यात टाकता येईल. हे नाही येणार. मी म्हटलं, "सांगितलं होतं. सकाळी दोनदा. त्यांच्या लक्षात राहत नाही आता. आई गेल्यापासून डोकं जागेवर नसतं." आणि तो गप्प आहे असं पाहून आणखी पुढे गेले. "कधीकधी तर म्हणतात, मी मासेमार होतो. आयुष्यभर त्या लोकांत वावरले ना. डॉक्टर म्हणतात, असं होतं."

किती सोयीचं होतं, बघा. एका वाक्यात मासाही माझ्यावर नाही, आणि हातावरची खाचही कुणी विचारणार नाही.

डेक्लनचा राग तिथल्या तिथे विरघळला. त्याच्या वडिलांचंही शेवटी तसंच झालं होतं, हे मला माहीत होतं. तो बाबांच्या खांद्यावर हात ठेवून, बहिऱ्याशी बोलावं तसं, मोठ्याने आणि सावकाश म्हणाला, "ग्रँड. यू आर ग्रँड." बाबा खूश. मग त्याने तो मासा त्यांच्या हातून अलगद घेतला आणि पाण्यात सोडून दिला. मेलेला मासा पांढरं पोट वर करून तरंगत गेला. बाबा वळून वळून बघत होते.

"काहून फेकला?"

मी म्हटलं, "इथली पद्धत आहे. पहिला मोठा मासा तळ्यालाच देतात. बाकीचे मासे त्याला खातात."

"चांगली रीत हाये," बाबा म्हणाले.

सोमवारपर्यंत कारखान्यात सगळ्यांना कळलं. डेक्लनने वाईट हेतूने सांगितलं नाही. सुनिताला सांभाळून घ्या, घरी फार अवघड आहे तिचं, असं सांगितलं. लोक माझ्या टेबलावर केक ठेवून जायला लागले. आमच्या कारखान्यात दोघे मराठी आहेत, त्यांच्याकडून आमच्या इथल्या मराठी मंडळात गेलं. मला काही करावंच लागलं नाही.

स्लायगोच्या मराठी लोकांची दिवाळी हॉल मिळेल त्या शनिवारी असते. त्या वर्षी ती नोव्हेंबरच्या शेवटी आली. बाबा नवा सदरा घालून आले. पुण्या-मुंबईची चार-पाच पोरं त्यांच्याभोवती बसली, आणि बाबा रंगात येऊन तळ्याची रीत सांगायला लागले — पहिला मोठा मासा मारून तळ्यालाच खाऊ घालतात. पोरं एकमेकांकडे बघत होती. "हो का काका? वा."

एक जण म्हणाला, "काका, तुम्ही मत्स्य खात्यात ऑफिसर होता ना?"

"नाही बाप्पा. मी ढीवर. जाळं ओढतो."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ते बारीकसं, थकलेलं हसू हसले. काय करणार, असं. बाबांना वाटलं, ऐकू गेलं नाही. ते मोठ्याने म्हणाले, "ढीवर. सोसायटीचा मेंबर हावो मी." मग तळवा पुढे करून ती खाच दाखवली. तो पोरगा त्यांच्या तळव्यावर चकली ठेवत म्हणाला, "असू दे काका. चकली घ्या."

मी पाच फुटांवर उभी होते.

मंडळातल्या मधुराताई इथल्या इस्पितळात डॉक्टर आहेत. त्या बाबांशेजारी बसल्या. आज वार कोणता, काका? शनिवार. आपण कुठे आहोत? आयर्लंड. शंभरातून सात गेले? त्र्याण्णव. त्यातून सात? बाबा फाडफाड खाली उतरत दोनपर्यंत आले. मधुराताई स्वयंपाकघरात मला गाठून म्हणाल्या, "अगं, ते अगदी व्यवस्थित आहेत. निदान कुणी केलं?"

मी म्हटलं, "आज चांगला दिवस आहे त्यांचा. तुम्ही रोज नाही ना बघत." जरा तोडूनच म्हटलं. त्यांनी माझीच माफी मागितली.

परत येताना गाडीत बाबा म्हणाले, "त्या बाईनं मले वार कायले इचारला?"

तेव्हा मी सांगितलं. सगळं. रस्त्यावरची नजर न हलवता — मी त्यांना कोण बनवलंय, आणि आता काय बनवलंय. पुन्हा कुणापुढे ढीवर म्हणायचं नाही, असं बजावलं. दयामाया काही नाही; कंपनीत चुकलेल्या माणसाशी बोलते तशी बोलले.

दोन चौक गेले. मग त्यांनी विचारलं, "अना तो मासा?"

"तो मारायचा नव्हता. सोडायचा असतो. मला माहीत होतं."

"मंग तू बोलली काहून नाही?"

मी गाडी चालवत राहिले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

डिसेंबरात, ते परत जायच्या दोन दिवस आधी, डेक्लन घरी आला. बायकोने केलेली पावाची लादी घेऊन. बाबांसमोर गुडघ्यावर बसला, त्यांचा हात धरला, आणि मला म्हणाला, "विचार त्यांना, तो मोठा मासा आठवतो का?"

हे मात्र मी जसंच्या तसं विचारलं. एक शब्द बदलला नाही.

बाबांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पुष्कळ वेळ. ते दोन महिन्यांत इंग्रजीही थोडं समजायला लागले होते, त्यांना वाटलं असतं तर हातांनी सांगता आलं असतं — एवढा होता, असा ओढला. त्यांनी हात डेक्लनच्या हातातून सोडवून घेतला आणि मांडीवर उपडा ठेवला.

"मले काई आठवत नाही मनाव त्याले," ते म्हणाले. "कोनता मासा?"

मी भाषांतर केलं. डेक्लनने रुमाल काढला.

बाबा गावी आहेत, अजून पहाटे तळ्यात उतरतात. दर रविवारी फोन होतो. जेवणाचं, हवेचं, बहिणीच्या मुलांचं बोलतो. डेक्लन दर नोव्हेंबरला विचारतो, वडील कसे आहेत? मी सांगते, तसेच आहेत, आता कुणाला ओळखत नाहीत. परवाही हेच सांगितलं.

बाबा परत गेले त्यानंतरच्याच मार्चमध्ये जागा निघाली आणि डेक्लनने माझं नाव सुचवलं. मी क्वालिटी मॅनेजर झाले. माझ्या हाताखाली अकरा माणसं आहेत.